चर्चमधला ‘एसव्हीपी’ गट गरजू शेजाऱ्यांना मदत कशी करतो? स्वयंसेवक व्हायचं असेल तर काय करावं लागतं?

हातात रेशनचं किट घेतलेली एक बाई, तिच्या दोन्ही बाजूंना चार-पाच कार्यकर्ते आणि सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे. मदतीचे असे फोटो सोशल मीडियावर रोज दिसतात. लाईक येतात, कौतुक होतं. पण फोटोतल्या त्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पाण्याला जायचं असतं आणि तिच्या मुलाला त्याच शाळेत बसायचं असतं. घरात अन्न नव्हतं, ही गोष्ट आता सगळ्या गल्लीला माहीत झालेली असते.

याच्या अगदी उलट नियमावर चालणारी मदतीची एक पद्धत १८३३ पासून जगभर सुरू आहे. मदत घरी जाऊन करायची, दोघांनी मिळून जायचं, नाव कुणाला सांगायचं नाही आणि बदल्यात काहीही मागायचं नाही. कॅथोलिक चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामात, हे काम करणाऱ्या गटाला ‘सेंट विन्सेंट द पॉल सोसायटी’ म्हणतात. बोलण्यात तिचं नाव झालं ‘एसव्हीपी’.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात अशा कामाची गरज कुठे पडते, गट चालतो कसा, पैसा येतो कुठून, धर्माचा प्रश्न मध्ये येतो का आणि स्वयंसेवक म्हणून सामील व्हायचं तर काय करायचं, हे समजून घेऊ.

एसव्हीपी म्हणजे नेमकं काय?

एसव्हीपी ही सामान्य माणसांची संघटना आहे. ती फादर किंवा सिस्टर चालवत नाहीत. नोकरदार, शिक्षक, गृहिणी, निवृत्त लोक, कॉलेजची मुलं असे पॅरिशमधलेच लोक तिचे सदस्य असतात. फादर आध्यात्मिक सल्लागार म्हणून बैठकीला येतात, पण अध्यक्ष सदस्यांमधलाच असतो आणि ठरावीक मुदतीनंतर बदलतो.

पॅरिशच्या पातळीवरच्या गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नाव मोठं वाटतं, पण प्रत्यक्षात ते दहा-पंधरा माणसांचं मंडळ असतं. अनेक कॉन्फरन्स मिळून वरची परिषद, तिच्या वर राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय परिषद अशी रचना आहे. आज सुमारे १५० देशांत संस्थेचं काम चालतं आणि सदस्यांची संख्या ८ लाखांच्या घरात आहे.

कॅथोलिक चर्चचं समाजकार्य म्हटलं की लोकांना शाळा, दवाखाने, अनाथाश्रम किंवा मदर तेरेसांच्या सिस्टर्स आठवतात. या संस्थांना इमारत लागते, पगारी माणसं लागतात. एसव्हीपीला यातलं काहीच लागत नाही. तिचं काम गरजू माणसाच्या घरात होतं, म्हणून ते बाहेर फारसं दिसतही नाही.

अन्न जास्त झालं आणि एक कल्पना सुचली

संस्थेला ज्यांचं नाव आहे ते विन्सेंट द पॉल (१५८१–१६६०) फ्रान्समधले धर्मगुरू. १६१७ साली ते शातियों नावाच्या छोट्या गावात होते. एका रविवारी त्यांना कळलं की गावाबाहेरच्या एका घरातली सगळी माणसं आजारी आहेत आणि त्यांच्याकडे बघायला कुणी नाही. त्यांनी प्रवचनात ही गोष्ट सांगितली. दुपारी ते स्वतः निघाले तेव्हा रस्त्यावर त्या घराकडे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या बायकांची रांगच लागलेली होती. प्रत्येकीने काही ना काही खायला नेलं होतं.

लोकांची माया पाहून ते भारावले, पण त्यांना एक अडचणही दिसली. एका दिवसात एवढं अन्न त्या घरात गेलं होतं की त्यातलं बरंचसं खराब होणार होतं. आणि चार दिवसांनी ते कुटुंब पुन्हा उपाशीच राहणार होतं. मदत करायची इच्छा भरपूर होती, तिला व्यवस्था नव्हती.

मग त्यांनी गावातल्या बायकांचा गट बांधला आणि लेखी नियम केले. कुणी कोणत्या दिवशी जायचं, काय शिजवून न्यायचं, हिशोब कुणी ठेवायचा, असं सगळं त्यात होतं. एक नियम तर आजही प्रत्येक स्वयंसेवकाने लक्षात ठेवावा असा आहे. ज्या आजाऱ्याजवळ घरचं कुणी आहे त्याच्याकडे आधी जायचं आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सगळ्यात शेवटी. कारण शेवटच्या घरी जास्त वेळ बसता येतं.

एका विद्यार्थ्याला विचारलेला टोचणारा प्रश्न

यानंतर दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा तरुण शिकत होता. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि एकट्या त्या शहरात १८ हजारांच्या आसपास माणसं गेली. सगळ्यात जास्त मरण गरीब वस्त्यांमध्ये होतं. ओझानाम आणि त्याचे मित्र तेव्हा एका वादमंडळात इतिहास आणि धर्म यांवर चर्चा करत. चर्चने मानवजातीसाठी काय काय केलं, हे ते हिरिरीने मांडत. समोरच्यांनी एकदा विचारलं, की जुन्या गोष्टी राहू द्या, आज तुम्ही स्वतः गरिबांसाठी काय करता?

उत्तर नव्हतं. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी आणि त्यांना मार्गदर्शन करणारे संपादक एमॅन्युएल बायी एकत्र जमले आणि काम सुरू झालं. पण जायचं कुणाकडे, हेही या मुलांना ठाऊक नव्हतं. ते शिकवलं रोझाली रांदू या सिस्टरनी. पॅरिसच्या मुफतार भागातल्या गरीब वस्तीत त्या अनेक वर्षं राबत होत्या. त्यांनी मुलांना कुटुंबांची नावं दिली, कोळसा आणि पावाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि घरात शिरल्यावर बोलायचं कसं, हे समजावलं.

ओझानाम पुढे सोरबोनमध्ये प्राध्यापक झाले आणि १८५३ मध्ये अवघ्या चाळिशीत वारले. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘धन्यवादित’ घोषित केलं. सिस्टर रोझाली यांना हाच मान २००३ मध्ये मिळाला.

महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात

एसव्हीपी भारतात आली ती मुंबईमार्गे, १८६० च्या दशकात. मुंबई, वसई आणि गोव्याच्या जुन्या पॅरिशमध्ये हे नाव आज घरोघरी माहीत असतं.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. इथे कॅथोलिक मिशनचं काम १९ व्या शतकाच्या शेवटी, गंगापूर-वैजापूर पट्ट्यातल्या घोगरगावसारख्या खेड्यांमधून वाढलं. ते करणारे होते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे युरोपीय धर्मगुरू. त्याच संताचं नाव शहरातल्या कॅथेड्रलला आणि जालना रोडवरच्या प्रसिद्ध शाळेला आहे. १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून वेगळा औरंगाबाद धर्मप्रांत झाला. संपूर्ण मराठवाडा त्यात येतो.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी लागते. मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं दलित पार्श्वभूमीची आहेत. अनेक घरांची दुसरी किंवा तिसरी पिढी गाव सोडून शहरात आलेली आहे. म्हणजे इथल्या पॅरिशमध्ये देणारे सुखवस्तू आणि घेणारे गरीब अशी सरळ विभागणी नसते. आज दुसऱ्याकडे डाळ-तांदूळ घेऊन जाणाऱ्याच्या आजोबांनी कदाचित दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडलेली असते. त्यामुळे मदत घेताना माणसाला काय वाटतं, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

या शहराला संघटित दानधर्म नवाही नाही. पाणचक्की बघायला पर्यटक येतात, पण ती उभी राहिली होती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावरच्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळायला. गुरुद्वाऱ्यातला लंगर, मशिदीतली जकात, गाडगेबाबांच्या धर्मशाळा हे सगळे याच कुळातले. एसव्हीपी त्या मोठ्या कुटुंबातला एक धागा आहे.

गट चालतो कसा?

एसव्हीपीच्या कामाचे पाच आधार आहेत.

बैठक. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा गट भेटतो. जागा बहुधा चर्चच्या आवारातली खोली, वेळ बहुधा रविवारच्या मिस्सेनंतरची. सुरुवातीला प्रार्थना, मग मागच्या भेटींचा अहवाल, नवी नावं आणि शेवटी पैशांचा निर्णय. मदत कुणाला, किती आणि कशी द्यायची, हे एकटा अध्यक्ष ठरवत नाही. ज्यांनी घर पाहिलं आहे त्यांचं म्हणणं आधी ऐकलं जातं.

गुप्त पिशवी. प्रत्येक बैठकीत कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालतो आणि जमेल तेवढे पैसे टाकतो. कुणी १० रुपये टाकले, कुणी ५००, कुणाला कळत नाही. ज्याच्याकडे त्या महिन्यात काहीच नाही, तोही रिकामी मूठ घालून बाहेर काढतो. देणाऱ्यांमध्ये लहान-मोठा असा भेद राहू नये, यासाठी ही युक्ती आहे. याशिवाय चर्चमधली दानपेटी, सणांच्या वेळचं धान्य आणि ओळखीच्या देणगीदारांची मदत असते. पैसा साठवून ठेवायचा नाही, गरज दिसली की वापरायचा, असं संस्थेचा नियम सांगतो.

जोडी. घरी कधीही एकट्याने जायचं नाही. दोघं गेले की एकाच्या डोळ्यांतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. घरात एकटी बाई किंवा लहान मुलं असतील तर दोघांनी जाण्यात दोन्ही बाजूंची सुरक्षितता असते. आणि एखादं घर बघून मन खचलं तर परतताना बोलायला सोबत असते.

भेट. एकदा किट देऊन निघून जाणं म्हणजे भेट नव्हे. अनेक गट ठरावीक कुटुंबांना ‘दत्तक’ घेतात आणि महिनोन्‌महिने त्यांच्याकडे जात राहतात. पहिल्या भेटीत लोक धान्य मागतात. मुलगी शाळेतून का काढली, सावकाराचं किती देणं आहे, नवरा दारू पिऊन काय करतो, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येतं. खरी मदत बऱ्याचदा तिथून सुरू होते.

गुप्तता. कोणाच्या घरी जातो, हे गटाबाहेर सांगायचं नाही. बायकोला, मित्राला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कुठेच नाही. मदत घेणारा त्याच चर्चमध्ये पुढच्या रविवारी दोन बाक सोडून बसलेला असू शकतो. त्याला मान खाली घालावी लागली तर दिलेल्या धान्याची किंमत शून्य झाली, असं इथे मानतात.

शेजारी म्हणजे कोण?

बायबलमध्ये येशूला हाच प्रश्न विचारला जातो. उत्तरादाखल तो एक गोष्ट सांगतो. वाटेत लुटलेल्या, जखमी माणसाजवळून स्वतःच्या धर्माचे प्रतिष्ठित लोक निघून जातात आणि परक्या मानल्या गेलेल्या समाजातला एक जण थांबून त्याला उचलतो. शेजारी कोण, तर जो थांबला तो.

संभाजीनगरमध्ये हा प्रश्न अगदी प्रत्यक्ष आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत मराठवाड्याच्या खेड्यांतून आणि उत्तर भारतातून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतात. कंत्राट संपलं की पगार संपतो, भाडं मात्र चालू राहतं. शेजारी बदलत राहतात, त्यामुळे अडचणीच्या वेळी हाक मारायला कुणी नसतं.

दुसरी जागा म्हणजे घाटी. हे सरकारी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय इथे मराठवाडाभरातून, शेजारच्या जिल्ह्यांतूनही पेशंट येतात. पेशंटला खाट मिळते, पण सोबत आलेल्या माणसाचं काय? जेवण, रात्रीची झोप, रक्ताची सोय, बाहेरून आणायची औषधं आणि कधी कधी मृतदेह गावी नेण्याची गाडी, या सगळ्याशी तो एकटा झुंजत असतो. कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे सांगणारं ओळखीचं माणूस तिथे पैशांइतकंच मोलाचं ठरतं.

मे २०२० मधली एक घटना हे शहर विसरलेलं नाही. लॉकडाऊनमध्ये जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर रेल्वेरुळांवरून चालत निघाले होते. थकून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर पोळ्या विखुरल्या होत्या. म्हणजे तेवढी तरी शिदोरी त्यांच्याजवळ होती. चालत निघण्याआधी त्यांना थांबवून विचारपूस करणारं, काही दिवस सांभाळणारं माणूस त्यांच्याजवळ नव्हतं.

पैशांपेक्षा काय जास्त लागतं?

साधा हिशोब करू. समजा, गटात १२ सदस्य आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला सरासरी २०० रुपये देतो. जमले २,४०० रुपये. एवढ्यात फार तर दोन-तीन घरांचा किराणा होईल. कुणाचं ऑपरेशन होणार नाही, कुणाचं वर्षभराचं भाडं निघणार नाही.

पण हेच १२ जण आठवड्याला दोन-दोन तास देत असतील तर महिन्याला जवळपास १०० तास होतात. हे तास योग्य ठिकाणी लागले तर कुटुंबाला हक्काचं असूनही न मिळालेलं बरंच काही मिळवून देता येतं. स्वयंसेवकाला या गोष्टींची माहिती हवीच.

रेशन. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य सध्या मोफत मिळतं. गावचं कार्ड असलेल्या कामगाराला ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे शहरातल्या दुकानातूनही ते घेता येतं. अनेकांना हे माहीत नसतं, किंवा ई-केवायसी राहिल्यामुळे त्यांचं धान्य अडतं.

निराधारांसाठी मदत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी अशांना मदत मिळते. ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची असते. सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाच्या वर्षाच्या २१,००० रुपयांची आहे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. शिवाय हयातीचा दाखला वेळेत दिला नाही तर सुरू असलेले पैसेही थांबतात. चालता न येणाऱ्या म्हातारीला तहसील कार्यालयात घेऊन जाणारी रिक्षा हीसुद्धा मोठी मदत असते.

उपचार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, आधी त्याला गाठायचं. याशिवाय धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणं बंधनकारक आहे. दाखल होतानाच ही मागणी केली तर काम सोपं होतं. बिल हातात आल्यावर धावपळ वाढते.

शिक्षण. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांमधल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लागू नाही. चर्चच्या शाळा त्यातच येतात, त्यामुळे तिथे फी सवलतीसाठी थेट मुख्याध्यापकांशी बोलावं लागतं.

काही क्रमांक फोनमध्ये ठेवायलाच हवेत. संकटातल्या मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, रुग्णवाहिकेसाठी १०८.

मदतीमागे धर्मांतराचा हेतू असतो का?

चर्चच्या समाजकार्याबद्दल सोशल मीडियावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याला इतिहास आहे. १९ व्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रात मोठे दुष्काळ पडले, तेव्हा मिशनांनी मदतकेंद्रं चालवली आणि त्याच काळात अनेक गावांमध्ये धर्मांतरंही झाली. त्यातली किती भुकेपोटी, किती जातीच्या जाचातून सुटण्यासाठी आणि किती श्रद्धेने, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

एसव्हीपीचा नियम याबाबत स्पष्ट आहे. धर्म, जात, वंश, पक्ष न बघता मदत करायची. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बोलवायचं नाही, अटी घालायच्या नाहीत. मदत घेणाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखायचा. सदस्य स्वतः प्रार्थना करतात, पण ती त्यांच्या बैठकीत.

मुस्लिम, बौद्ध किंवा हिंदू कुटुंबाकडे जाणाऱ्या जोडीला हे भान सतत ठेवावं लागतं. धान्याच्या पिशवीत पत्रक ठेवू नये. आजाऱ्याच्या उशाशी त्याने मागितल्याशिवाय प्रार्थना सुरू करू नये. शंका घेणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यालाच सोबत बोलवावं. ज्या वस्तीत मशिदीची समिती किंवा विहारातलं मंडळ आधीपासून काम करत असेल तिथे त्यांच्याशी बोलून काम वाटून घेतलं तर दोन्हीकडची मदत जास्त घरांत पोहोचते.

स्वयंसेवक व्हायचं असेल तर?

१. चर्चच्या कार्यालयात विचारा. सगळ्याच पॅरिशमध्ये एसव्हीपीची शाखा असते असं नाही. काही ठिकाणी हेच काम महिला मंडळ, युवक गट किंवा सिस्टर्सच्या मार्गदर्शनाखालचा गट करतो. रविवारच्या मिस्सेनंतर फादर किंवा कार्यालयातल्या माणसाला विचारलं की कळतं.

२. कॅथोलिक नसाल तरी विचारायला हरकत नाही. संस्था कॅथोलिक आहे आणि अध्यक्षपद कॅथोलिक सदस्याकडेच असतं. पण संस्थेची तत्त्वं मनापासून मान्य असणाऱ्या इतर धर्मीयांना सामावून घेण्याची तरतूद नियमात आहे. सदस्य न होताही मदत करता येते. फॉर्म भरायला, रुग्णालयात सोबत करायला, मुलांचा अभ्यास घ्यायला माणसं कायम कमी पडतात.

३. आधी दोन-तीन बैठका नुसत्या बसून ऐका. मग अनुभवी सदस्यासोबत भेटीला जा. पहिल्या भेटींमध्ये कमी बोलणं बरं.

४. किती वेळ देऊ शकता ते खरं सांगा. आठवड्याला पाच तास म्हणून कबूल करायचं आणि महिनाभरात गायब व्हायचं, यापेक्षा महिन्यातून दोनदा नक्की येणारा माणूस गटाला हवा असतो. ज्या आजीकडे तुम्ही जाता ती त्या दिवशी दाराकडे बघत बसलेली असते.

५. देणगी देणार असाल तर पावती घ्या. महाराष्ट्रातल्या धर्मादाय संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदवलेल्या असतात. आयकरात ८०जी ची सवलत हवी असेल तर ती संस्थेला लागू आहे का ते विचारा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, त्यामुळे चेक किंवा ऑनलाइन द्या.

भेटीला गेल्यावर काय करू नये?

डबे उघडून बघू नये. टीव्ही आहे, मोबाईल आहे, मग गरीब कसले, असा हिशोब मांडू नये. टीव्ही हप्त्यावरचा असतो, मोबाईल कामासाठी लागतो. जे आपल्या हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नये. बघतो, करतो, असं सांगून गेलेली माणसं गरिबाने खूप पाहिलेली असतात. कुणाला रोख पैसे स्वतःच्या खिशातून परस्पर देऊ नयेत, कारण पुढच्या महिन्यात त्याच घरी जाणाऱ्या दुसऱ्या जोडीची अडचण होते. किराणा द्यायचा तर त्या घरात काय खातात ते आधी विचारावं. ज्या घरात ज्वारीची भाकरी होते तिथे मैद्याची पाकिटं काय कामाची?

चहा दिला तर घ्यावा. घरात साखर नसल्याचं दिसत असतानाही घ्यावा. घेणाऱ्याला देण्याची संधी मिळणं, हा त्याच्या मानाचा भाग आहे.

फोटोचं म्हणाल तर साधा नियम, काढूच नयेत. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर किराणा दुकानाचं बिल पुरतं. मुलांच्या बाबतीत तर हा कायद्याचा मुद्दाही आहे. बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करणं गुन्हा आहे. आणि भेटीत मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं लक्षात आलं तर गुप्ततेचा नियम तिथे थांबतो. पोक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला देणं प्रत्येकाला बंधनकारक आहे.

पण किराणा दिल्याने गरिबी हटते का?

नाही हटत. हा आक्षेप खुद्द ओझानाम यांनीही मान्य केला होता. १८४८ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, तेव्हा त्यांनी कामगारांच्या योग्य मजुरीसाठी लेखणी चालवली, निवडणूकही लढवली आणि हरले. लुटल्या गेलेल्या वाटसरूच्या जखमांवर औषध लावणं हे दानधर्माचं काम आणि वाटेवर लूटमारच होणार नाही हे बघणं न्यायाचं काम, अशी त्यांची मांडणी होती. त्यांना दोन्ही हवं होतं.

वाळूजच्या कंत्राटी कामगाराला अपघातानंतर भरपाई न मिळणं, बीडच्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलीची शाळा दरवर्षी हंगामात सुटणं, शहरात कित्येक दिवसांनी नळाला पाणी येणं, हे प्रश्न पिशवीत जमलेल्या पैशांनी सुटणारे नाहीत. त्यासाठी कायदा, सरकार आणि संघटना लागतात.

पण कायदा बदलेपर्यंत त्या घरातली चूल पेटायला हवी असते. शिवाय प्रत्येक महिन्याला त्या घरात जाऊन बसणाऱ्यालाच कळतं की योजना कागदावर कुठे अडली, अधिकारी काय कारण सांगतो आणि बाईने तीन फेऱ्या मारून अर्ज का सोडून दिला. ही माहिती तहसीलदारापर्यंत, नगरसेवकापर्यंत पोहोचवणं हेही स्वयंसेवकाचंच काम आहे.

पॅरिस असो की संभाजीनगर, पहिली पायरी तीच आहे. दोघांनी मिळून एका घरी जायचं, बसायचं आणि त्यांना काय हवं ते विचारायचं. पुढच्या भेटीची तारीख देऊन निघायचं, आणि त्या तारखेला पुन्हा जायचं.